धारेपेक्षा शिक्क्यांना मोल

ब्रिटिश लष्करी संगिनी जमवणाऱ्यांत नवखा माणूस लगेच ओळखू येतो. तो म्यानातून पाते उपसून आधी धार बघतो. मुरलेला गडी मुठीलगतचे बोट-दीड बोट पोलाद उजेडाकडे धरतो आणि भिंग काढतो. या छंदाचा जीव त्या एवढ्याशा जागेत आहे.

1907 पॅटर्नची संगीन घ्या. पात्याच्या एका अंगाला मुकुट, राजाची आद्याक्षरे, 1907 हा आकडा, मग महिना-वर्ष आणि कारखाना: विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल किंवा विकर्स. 1907 हे नमुन्याचे साल. ती घडली कधी हे खालचे ‘5 17’ सांगते, म्हणजे मे 1917. ‘1907 सालची आहे’ म्हणून संगीन गळ्यात मारणारे विक्रेते याच गल्लतीवर जगतात. दुसऱ्या अंगाला सरकारी मालकीचा रुंद बाण, पाते वाकवून तपासल्याची फुली, तपासनिसांचे बारीक ठसे. दोन बाण टोकाला टोक भिडलेले असतील, तर लष्कराने ती रीतसर विकून टाकली असे समजावे.

हिचे पाते 17 इंच, सुमारे 43 सेंटिमीटर. आधीच्या 1888 आणि 1903 च्या संगिनींचे 12 इंचच होते. पण नवी ली-एनफिल्ड रायफल आखूड झाली आणि शिपायाचा पल्ला घटला. तो भरून काढायला जपानी अरिसाका संगिनीवरून हे लांबलचक पाते आले. खंदकाच्या अरुंद बोळात ते अडचणीचेच ठरले. सुरुवातीला मुठीपुढच्या आडव्या पट्टीला खाली वळलेला हुक असे. 1913 मध्ये तो रद्द झाला आणि दुरुस्तीला आलेल्या जुन्या संगिनींचे हुकही उडवले गेले. उरलेल्यांचा भाव चढला आणि साध्या संगिनीला हुक डकवणारे कारागीर निपजले. हुक आहे आणि विल्किन्सनचा शिक्का 1916 चा आहे, तर पैसे खिशातच ठेवावेत.

मला स्वतःला दुसऱ्या महायुद्धातली ‘नंबर 4’ जास्त आवडते. ना धार, ना लाकडी मूठ. आठ इंचांचा नुसता पोलादी खिळा. पहिल्या नमुन्याचा छेद फुलीसारखा, आणि तो घडवला क्लाइडबँकच्या सिंगर कारखान्याने. होय, शिलाई मशीनवालेच! फुलीचा आकार घडवायला वेळखाऊ, म्हणून पुढे सरळ गोल खिळा आला. दिखाऊपणाच्या भोक्त्यांना ही संगीन कुरूप वाटते. वाटू दे, युद्धकाळातली घाई इतकी उघडी दुसऱ्या कुठल्या संगिनीत दिसत नाही.

आपल्याकडच्या संग्राहकाने बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीचा माल बघावा. ‘आर.एफ.आय.’ शिक्क्याच्या या संगिनींत 12 इंचांपर्यंत आखूड केलेली पातीही आढळतात. विलायती संग्राहक पूर्वी नाक मुरडत. त्यांचे फिनिशिंग ओबडधोबड असते हे खरे, पण म्हणून त्या दुय्यम ठरत नाहीत.

एकच पथ्य कडक पाळावे: पॉलिश करू नये. पात्याचा काळपटपणा घासला की उथळ शिक्के आधी जातात, आणि ते गेले की हातात चकचकीत सुरा उरतो. सैल गंज तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसावा, कातडी म्यानात पाते कायमचे खुपसून ठेवू नये. आणि भारतातल्या शस्त्र नियमांत संगिनीचे नाव तलवार-भाल्यांच्या पंगतीत आहे. तेव्हा सौदा ठरवण्याआधी परवान्याची चौकशी करावी.