चौकटीबाहेरचा वीस नंबर

अमेरिकन फुटबॉल टीव्हीवर पाहणाऱ्याला मैदानावरचा एक गडी बहुतेक वेळ दिसतच नाही. खेळी सुरू होण्याआधी कॅमेरा चेंडूपाशी खिळलेला असतो. दोन्ही संघांचे धिप्पाड गडी एकमेकांसमोर वाकून उभे आणि त्यांच्यामागे हातवारे करत ओरडणारा क्वार्टरबॅक, एवढीच चौकट. त्या चौकटीबाहेर, पंधरा-वीस यार्ड मागे, मोकळ्या हिरवळीवर एक जण एकटा उभा असतो. तो सेफ्टी. चेंडू उंच फेकला गेला आणि कॅमेरा त्याच्यामागे वळला, की तो एकदम चौकटीत येतो. तो बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा एड रीड असला, तर चेंडू बऱ्याचदा त्याच्या हातात असायचा. तो तिथे पोचला कसा, हे मात्र टीव्हीने दाखवलेलं नसायचं.

हे ‘पोचला कसा’ मला वर्षानुवर्षं खुणावत आलं आहे. बाल्टिमोरच्या स्टेडियममध्ये मी नेहमी सगळ्यात वरच्या मजल्यावरचं तिकीट काढत असे. तिथून चेहरे दिसत नाहीत, पण बावीसच्या बावीस गडी एकाच वेळी दिसतात. आजूबाजूचे लोक चेंडूकडे बघत आणि मी जांभळ्या जर्सीतल्या वीस नंबरकडे, म्हणजे रीडकडे. या खेळात बुद्धी कुठे असते, असं आपल्याकडचे पाहुणे विचारतात तेव्हा मी त्यांना हेच सांगतो, की चेंडू सोडा, मागे एकटा उभा आहे त्याच्याकडे बघा.

खेळाची ओळख थोडक्यात. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन. समोरच्यांच्या एंड झोनमध्ये चेंडू नेला की टचडाउन. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. चेंडू फेकतो क्वार्टरबॅक, झेलतात रिसीव्हर. बचाव करणाऱ्याने तो मध्येच पकडला तर इंटरसेप्शन, आणि चेंडू त्याच्या संघाचा. खेळाडू आधी विद्यापीठाकडून खेळतात आणि मग ड्राफ्टमध्ये एनएफएलचे बत्तीस संघ त्यांना क्रमाने निवडतात. एवढं पुरे.

आता सेफ्टीकडे वळू. क्वार्टरबॅक चेंडू हातात येण्याआधी सेफ्टी कुठे उभे आहेत ते बघतो. मागे दोघं असतील तर त्यांनी मैदानाची खोली अर्धी-अर्धी वाटून घेतलेली असते आणि मधला पट्टा जरा उघडा पडतो. एकच असेल तर मध्य बंद, आणि कडांची राखण कॉर्नरबॅक या कडेच्या बचावपटूंच्या भरवशावर. या एका नजरेवर क्वार्टरबॅक कुणाला फेकायचं त्याचा अंदाज बांधतो. पास फेकायला त्याच्याकडे जेमतेम तीन सेकंद असतात. त्यातही तो सेफ्टीला चकवायला बघतो. डावीकडच्या रिसीव्हरवर मुद्दाम नजर रोखायची, सेफ्टी तिकडे झुकला की वळून उजवीकडे फेकायचं. पेटन मॅनिंग आणि टॉम ब्रेडी यांच्यासारख्यांनी या नजरेच्या खेळावर आपली कारकीर्द उभी केली.

रीडने ही गोष्ट उलटवली. क्वार्टरबॅक आपल्याकडे बघून अंदाज बांधणार हे ठाऊक असल्यामुळे तो बघण्यासारखं काहीतरी खोटं उभं करायचा. आपली खरी जागा सोडून तो दुसरीकडे, बरंच अंतर टाकून उभा राहायचा. चेंडू हलण्याआधी डावीकडे दोन पावलं टाकायची, क्वार्टरबॅकची खात्री पटू द्यायची, आणि चेंडू हातातून सुटायच्या बेतात असताना उजव्या कडेकडे धाव घ्यायची. फिरकी गोलंदाज कव्हरची जागा मोकळी ठेवून फलंदाजाला ड्राइव्हचा मोह घालतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथे सापळा लावणारा आणि झेल घेणारा माणूस एकच.

हे नुसत्या चपळाईवर साधत नाही. रीड प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती तासन् तास बघत असे. रिसीव्हर कडेपासून किती अंतरावर उभा राहिला की कुठल्या वाटेने पळतो. क्वार्टरबॅक तीन पावलं मागे गेला की पास आखूड आणि पाच-सात पावलं गेला की लांबचा. तिसऱ्या प्रयत्नावर, सात यार्ड हवे असताना, हा संघ काय करतो. हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. पहिल्या सत्रात एखादी खेळी ओळखूनही तो ती होऊ द्यायचा, चार-पाच यार्ड देऊन टाकायचा. तीच खेळी चौथ्या सत्रात, सामना अटीतटीला आलेला असताना पुन्हा आली की तो तिथे आधीच हजर असायचा.

याची साक्ष प्रतिस्पर्ध्यांनीच दिली आहे. न्यू इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्यावर ‘अ फुटबॉल लाइफ’ या मालिकेत एक माहितीपट निघाला. त्याचं चित्रीकरण २००९ च्या मोसमातलं. त्यात बेलिचिक आणि त्यांचा क्वार्टरबॅक ब्रेडी बंद खोलीत बसून रीडबद्दल बोलताना दिसतात. स्वतःच्या क्षेत्रात सर्वोच्च स्थानी असलेली दोन माणसं एका बचावपटूबद्दल इतक्या आदराने आणि इतक्या काळजीने बोलतात, की तो भाग मी किती वेळा पाहिला असेन त्याला गणती नाही. ब्रेडी मनगटावरच्या पट्टीवर खेळींच्या खुणा लिहून आणायचा. एका सामन्यात त्या पट्टीवर प्रत्येक खेळीत वीस नंबरला शोधायची सूचना स्वतःसाठी लिहिलेली होती.

रीडचा जन्म १९७८ चा, लुइझियानातल्या सेंट रोझचा. न्यू ऑर्लीन्सहून मिसिसिपीच्या काठाने वर निघालं की तासाभराच्या आत हा टापू लागतो. मी तिथे गेलो तो रीडची शाळा बघायला, डेस्ट्रेहानला. एका बाजूला नदीचा मातीचा उंच बांध, दुसऱ्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या आणि मध्येच अठराव्या शतकातलं डेस्ट्रेहान मळ्याचं घर. १८११ च्या जानेवारीत इथल्या गुलामांनी उठाव केला. तो चिरडल्यावर पकडलेल्यांवरचा एक खटला याच घरात चालला आणि अनेकांना मृत्युदंड झाला. शाळेचं मैदान बघायला आलेला माणूस त्या घरातही शिरतो आणि फुटबॉल काही वेळ विसरतो. रीडचे वडील जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होते, घरात पाच भाऊ. अभ्यास सुटत चालला तेव्हा शाळेच्या कार्यालयातल्या एका बाईंनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि पुस्तकाला बसवलं. चित्रफितींपुढे तासन् तास बसण्याची बैठक तिथेच तयार झाली असावी, असं मला वाटतं.

तिथून तो मायामी विद्यापीठात गेला. २००० साली त्याने आठ इंटरसेप्शन केली. ड्राफ्टमध्ये उतरला असता तर पैसे हातात होते, पण तो चौथ्या वर्षासाठी थांबला. २००१ चा तो मायामी संघ विद्यापीठीय फुटबॉलमधला सर्वोत्तम संघ होता असं माझं ठाम मत आहे. बारा सामने, बारा विजय, त्यांतला शेवटचा अजिंक्यपदाच्या रोझ बोल सामन्यात नेब्रास्कावर ३७-१४ असा. त्या संघातले अडतीस जण पुढे एनएफएलमध्ये निवडले गेले, त्यांतले सतरा पहिल्या फेरीत. रीडच्या मागे राखीव म्हणून बसणारा नवखा पोरगा होता शॉन टेलर, जो पुढे वॉशिंग्टनचा धडकी भरवणारा सेफ्टी झाला आणि २००७ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, घरात घुसलेल्या चोरट्यांच्या गोळीने गेला.

इतक्या बलाढ्य संघाचा तो मोसम एका दुपारी हातातून निसटत होता. १० नोव्हेंबर २००१, बॉस्टन कॉलेजचं मैदान. मायामीच्या आक्रमणाला एकही टचडाउन करता आलेलं नव्हतं; किकच्या गुणांवर संघ कसाबसा १२-७ असा पुढे होता. शेवटचं अर्धं मिनिट उरलं असताना बॉस्टन कॉलेज मायामीच्या नऊ यार्डांवर येऊन ठेपलं. क्वार्टरबॅकने पास फेकला, तो मायामीच्या माइक रम्फच्या गुडघ्याला लागून उडाला आणि बचावफळीतल्या मॅट वॉल्टर्स या अवजड गड्याच्या हातात पडला. झालं, सामना जिंकला. वॉल्टर्स चेंडू घेऊन धावू लागला, इतक्यात रीड मागून आला. त्याने स्वतःच्याच संघातल्या माणसाच्या हातून चेंडू हिसकावला आणि ऐंशी यार्ड पळत जाऊन टचडाउन केलं. १८-७.

यावर माझे मित्रांशी वाद झाले आहेत. चेंडू निसटला असता तर? खाली बसला असता तरी सामना मायामीचाच होता. मला मात्र त्या हिसकावण्यात रीड पूर्ण दिसतो. हातात आलेला चेंडू त्याला अपुरा वाटे; तो गोललाइनपलीकडे जायलाच हवा. आणि तो नेणारा आपणच बरा, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याआधी महिनाभर, फ्लोरिडा स्टेटविरुद्ध, खांदा दुखावलेला असताना तो मध्यंतरात आपल्या सहकाऱ्यांवर कसा बरसला त्याचं चित्रण उपलब्ध आहे. मायामीने तो सामना ४९-२७ असा जिंकला. त्या मोसमात त्याची नऊ इंटरसेप्शन, चार वर्षांत मिळून एकवीस, हा मायामीचा विक्रम झाला.

२००२ च्या ड्राफ्टमध्ये तेवीस नावं पुकारून झाल्यावर, चोविसाव्या क्रमांकावर, बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला घेतलं. त्याच वर्षी रॉड वुडसन हा थोर सेफ्टी बाल्टिमोर सोडून ओकलंडला गेला होता. त्या रिकाम्या जागी रीड आला, आणि पुढे इंटरसेप्शननंतर धावलेल्या यार्डांचा वुडसनचा १,४८३ चा विक्रम त्यानेच मोडला. रीडचा आकडा १,५९०.

आकड्यांतला माझा सगळ्यात आवडता हाच. त्याची चौसष्ट इंटरसेप्शन हा विक्रम नव्हे. पॉल क्राउसची एक्याऐंशी आहेत. पण चेंडू पकडल्यावर रीड जे करायचा ते दुसऱ्या कुणाला जमलं नाही. २००४ मध्ये क्लीव्हलँडविरुद्ध स्वतःच्या एंड झोनमध्ये पकडलेला चेंडू त्याने १०६ यार्ड नेला. २००८ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध १०७ यार्ड, म्हणजे आपलाच विक्रम मोडला. अडवलेला पंट (प्रतिस्पर्ध्याने लाथेने लांब टोलवलेला चेंडू), परत केलेला पंट, इंटरसेप्शन आणि सुटलेला चेंडू, या चारही प्रकारांनी टचडाउन करणारा तो पहिला खेळाडू. २००४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

याची किंमतही होती. अंदाज चुकला की त्याने सोडलेल्या जागेतून रिसीव्हर मोकळा सुटायचा. पळता पळता तो चेंडू सहकाऱ्याकडे मागे फेकायचा. त्या लॅटरलने प्रशिक्षकांचा जीव टांगणीला लागे. मान आणि खांद्याच्या नसांच्या त्रासामुळे शेवटच्या वर्षांत धावत्या गड्याला पाडणारे त्याचे टॅकल सैल पडले, आणि २०१२ मध्ये बेकायदा धडकांबद्दल एका सामन्याची बंदी आली, जी अपिलात पन्नास हजार डॉलर दंडावर निभावली. तो निर्दोष सेफ्टी नव्हता. निर्दोष राहण्यासाठी मागे सुरक्षित उभं राहावं लागतं आणि ते त्याच्या स्वभावात नव्हतं.

त्याचा सर्वांत थोर मोसम कोणता, या प्रश्नावर बहुतेक जण २००४ म्हणतात. माझं मत २०१० ला. नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाल्यामुळे पहिले सहा सामने तो खेळलाच नाही. उरलेल्या दहा सामन्यांत आठ इंटरसेप्शन करून तो लीगमध्ये पहिला आला. पाय पूर्वीसारखे नसताना हे झालं, म्हणजे निव्वळ डोक्यावर झालं. त्याच मोसमाच्या अखेरीस, जानेवारीत, त्याचा धाकटा भाऊ मिसिसिपीत बुडाला. शोध सुरू होता, आणि दोनच दिवसांनी रीड कॅन्सस सिटीला बाद फेरीचा सामना खेळला. त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

दोन वर्षांनी सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, न्यू ऑर्लीन्सला होता, त्याच्या घरापासून जवळच. ३ फेब्रुवारी २०१३. दाढी पांढरी झालेल्या रीडने दुसऱ्या सत्रात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅपर्निकचा पास पकडला. उत्तरार्धात अर्ध्या स्टेडियमचे दिवे गेले, चौतीस मिनिटं खेळ थांबला, मोठी आघाडी वितळत गेली, आणि तरी बाल्टिमोर ३४-३१ असं जिंकलं. पुढचं वर्ष ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क जेट्समध्ये विभागून गेलं, आणि २०१५ मध्ये तो रेव्हन म्हणूनच निवृत्त झाला.

ओहायोतल्या कँटनच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये २०१९ च्या मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. रीडसोबत त्याच वर्षी आलेला दुसरा सेफ्टी म्हणजे जॉनी रॉबिन्सन, कॅन्सस सिटीचा, सत्तावन्न इंटरसेप्शनचा धनी. तो १९७१ च्या मोसमानंतर थांबला, आणि इथे यायला त्याला जवळजवळ अर्धं शतक लागलं. तोही लुइझियानाचाच, निवृत्तीनंतर त्याने मनरो गावात वाट चुकलेल्या मुलांसाठी वसतिगृह चालवलं. जानेवारी १९७० मध्ये, बरगड्या मोडलेल्या असताना, तो सुपर बोल खेळला आणि त्यात एक इंटरसेप्शन केलं. तो सामना टुलेन स्टेडियममध्ये झाला, न्यू ऑर्लीन्समध्येच. त्या सामन्याची जुनी फीत मी शोधून पाहिली. कॅमेरा तिथेही चेंडूपाशीच आहे.