ताऱ्यांखालचा आकडा

मोठ्या दुकानात फ्रीज दाखवणारा नम्र मुलगा पुष्कळदा दुकानाचा नसतोच; एखाद्या कंपनीने त्याला तिथे उभे केलेले असते. त्याने आधी तेवढे सांगावे. मग सारख्याच लिटरच्या दोन फ्रीजवरची वीजबचतीची लेबले शेजारी शेजारी वाचावीत. ही तारांकित लेबले २००६ साली आली. निकष मधूनमधून कडक होतात, म्हणून साल पाहावे. आणि ताऱ्यांपेक्षा वर्षाच्या युनिटांचा आकडा.

समजा, फरक ५० युनिटांचा, दर १० रुपये. वर्षाला वाचले ५००. महाग फ्रीजला ४,००० जास्त मोजले, तर ते फिटायला ८ वर्षे! माझा जन्म बँकेत गेला, मला हा हिशेब चटकन सुचतो. पेन्शनवर जगणाऱ्या बाईंना तो कोण मांडून देणार? आमच्या गल्लीतला दुकानदार देतो, बिलाच्या पाठीवर. त्याच्याकडे गर्दी मात्र बेताचीच.