रक्तदाब: दवाखान्यातला, घरचा आणि रात्रीचा

दवाखान्यात रक्तदाब १५०/९० निघतो. घरी येऊन मोजला तर १२८/८०. अशा वेळी बहुतेक जण घरच्या यंत्राला दोष देतात. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खरे असू शकतात. रक्तदाब दिवसभर कमी-जास्त होत असतो. जिना चढल्यावर, रागाच्या भरात, तंबाखू खाल्ल्यावर तो वाढतो. झोपेत तो साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. काहींचा तर डॉक्टर समोर दिसताच चढतो.

याच्या उलट प्रकार जास्त फसवा. दवाखान्यात आकडा ठीक, पण घरी आणि कामावर वाढलेला. हा छुपा उच्च रक्तदाब. केसपेपरवर ‘नॉर्मल’ लिहिलेले पाहून माणूस निर्धास्त राहतो आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंडावरचा ताण वर्षानुवर्षे चालू राहतो.

मग पुढचा धोका कोणता आकडा सांगतो? स्पेनमधील ५९ हजारांहून अधिक रुग्णांच्या दंडाला २४ तास पट्टा बांधून दिवसा दर २० आणि रात्री दर ३० मिनिटांनी रक्तदाब नोंदवला गेला. पुढे सुमारे दहा वर्षे त्यांचा मागोवा घेतला. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मृत्यूच्या धोक्याशी दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा २४ तासांच्या सरासरीचा, आणि त्यातही रात्रीच्या रक्तदाबाचा संबंध अधिक घट्ट होता. छुपा रक्तदाब असणाऱ्यांचा धोका वाढलेला होता. फक्त दवाखान्यातच रक्तदाब वाढणाऱ्यांचा तसा आढळला नाही. तरी अशांनीही तपासणी सोडू नये, कारण त्यांच्यातील काहींचा रक्तदाब पुढे कायमचा वाढतो.

२४ तासांची तपासणी सर्वत्र होत नाही. घरचे यंत्र बरेच काम भागवते, मात्र मोजण्याची शिस्त हवी. यंत्र मनगटाचे नको, दंडाचे घ्यावे. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीवर. मोजताना बोलू नये. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी दोन-दोन नोंदी, असे सात दिवस करावे. पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा असली, तरी घरी १३५/८५ च्या पुढे रक्तदाब वाढलेला समजतात.

ही वही डॉक्टरांना दाखवावी. आकडा चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. बहुधा तो गोळीमुळेच चांगला असतो.