मोठी हार्ड डिस्क आणि जुना संगणक : दोष नेमका कोठे?

जुन्या संगणकाला मोठी हार्ड डिस्क जोडल्यावर तिची क्षमता कमी दिसली, की डिस्क सदोष आहे किंवा विक्रेत्याने फसवले आहे असा समज सहज होतो. वस्तुतः अशा वेळी डिस्क बहुधा धडधाकट असते आणि अडचण असते ती तिच्यावरील जागांचे क्रमांक मोजण्याच्या पद्धतीत. ही मर्यादा कोणती आहे, याचा सुगावा पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यातूनच लागतो. १६० जीबीच्या डिस्कवर १४९ जीबी दिसणे हा तर बिघाडच नव्हे, कारण उत्पादक १०० कोटी बाइटांचा एक जीबी धरतात आणि विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा.

त्याच डिस्कवर १४९ ऐवजी १२८ जीबीच्या आसपास आकडा दिसत असेल, तर मात्र प्रश्न गंभीर आहे. डिस्कवरील माहिती ५१२ बाइटांच्या ‘सेक्टर’ नावाच्या कप्प्यांत साठवली जाते आणि जुन्या पद्धतीत सेक्टरचा क्रमांक २८ बिटांतच लिहावा लागत असल्याने २६,८४,३५,४५६ सेक्टरांपलीकडे, म्हणजे सुमारे १३७ अब्ज बाइटांपलीकडे, पोहोचताच येत नाही. ४८ बिटांची पद्धत २००२ च्या एटीए-६ मानकात आली आणि विंडोज एक्सपीला तिचा आधार त्याच वर्षीच्या सर्व्हिस पॅक १ पासून मिळाला. म्हणूनच बायोसने, म्हणजे संगणक सुरू होताच यंत्रणा तपासणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने, पूर्ण क्षमता दाखवली की सारे ठीक आहे, हा समज घातक ठरतो. ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिचा ड्रायव्हर यांनाही ४८ बिट समजावे लागतात. विंडोज २००० मध्ये तर सर्व्हिस पॅक ३ घातल्यावरही रजिस्ट्रीत ‘एनेबलबिगएलबीए’ ही नोंद करावी लागते.

डिस्कचे लहान विभाग पाडले की ही मर्यादा टळते, असेही सांगितले जाते. पण सेक्टरचे क्रमांक विभागाच्या नव्हे, तर डिस्कच्या आरंभापासून मोजले जात असल्याने तो उपाय येथे निरुपयोगी आहे. जुना ड्रायव्हर २८ बिटांत न मावणारा वरचा भाग गाळून टाकत असेल, तर शेवटच्या विभागात लिहिलेली फाइल डिस्कच्या आरंभी जाऊन पडते आणि तेथील विभाग-तक्ता पुसला जातो. डिस्क भरत जाऊन ती सीमा ओलांडेपर्यंत काहीच जाणवत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने सुरळीत चाललेली डिस्क एके दिवशी कोरी दिसते आणि ठपका डिस्कवर येतो. फॉरमॅट केल्याने हे कारण दूर होत नाही, उलट वाचवता आली असती ती माहितीही धोक्यात येते.

डिस्क जोडताच संगणक आरंभीच्या तपासणीत गोठला, तर ती जळाली असे मानण्याचीही घाई नको. काही जुने अवॉर्ड बायोस ६५,५३५ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर या हिशेबापुढे, म्हणजे ३३.८ अब्ज बाइटांपुढे, अडकून पडतात. त्या काळातील अनेक डिस्कवर जोडणीच्या पिनांशेजारी बसवायचा छोटा जंपर क्षमता ३२ जीबीच्या आसपास रोखतो. तो काढला की पूर्ण क्षमता परत मिळते, परंतु आधीच भरलेल्या डिस्कवर तो लावल्यास सीमेपलीकडची माहिती हाती लागत नाही. बायोस अद्ययावत करणे किंवा स्वतःचा बायोस असलेले पीसीआय कंट्रोलर कार्ड बसवणे हे अधिक चांगले मार्ग आहेत.

३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसते, तेव्हा क्रमांक ३२ बिटांत कापला गेलेला असतो. एमबीआर या जुन्या विभाग-तक्त्याची सीमाही ३२ बिटांचीच, म्हणजे सुमारे २.२ टीबीची, असल्याने अशा डिस्कला जीपीटी हा नवा तक्ता लागतो. त्यासाठी संगणकच बदलावा लागतो हे मात्र खरे नाही : विंडोज ७ असलेल्या जुन्या बायोसच्या संगणकातही ड्रायव्हर योग्य असेल, तर जीपीटी डिस्क साठवणुकीसाठी चालते, यूईएफआयची, म्हणजे बायोसची जागा घेणाऱ्या नव्या प्रणालीची, गरज तिच्यावरून विंडोज सुरू करायचे असेल तरच भासते.