एक रेकॉर्ड, दोन रिव्ह्यूअर: पाच तारे आणि शून्य

पेपर पाठवायला लागलात की हा प्रश्न तुम्हालाही पडेल: दोन रिव्ह्यूअर एकाच पेपरवर इतकं उलट कसं लिहू शकतात? माझ्या पहिल्या पेपरवर एकाने ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहिलं, दुसऱ्याने सरळ नकार. दोन दिवस मी लॅबमध्ये कुणाशी धड बोललेही नाही. त्या दिवसांत ऑर्नेट कोलमन ऐकत होते, म्हणून आज सेन्सर बाजूला ठेवून एका रेकॉर्डबद्दल सांगते.

कोलमन टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा, जन्म १९३०, अल्टो सॅक्सोफोन वाजवायचा. (सॅक्सोफोन म्हटलं की मला वरातीचा बँडच आठवतो, असो.) २१ डिसेंबर १९६० ला त्याने न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत आठ वादक जमवले. त्यातून ‘फ्री जॅझ’ हा अल्बम झाला, अटलांटिक कंपनीने तो १९६१ मध्ये काढला. साधारण ३७ मिनिटांची एकच सलग रचना.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा आपल्याकडच्या विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांची लेझीम पथकं एकाच चौकात समोरासमोर यावीत, तसं वाटेल. बंद करू नका. स्टिरिओ आवृत्ती लावा आणि उजव्या कानातला इयरफोन काढा. आता फक्त कोलमन, ट्रम्पेटवर डॉन चेरी, एक बास, एक ड्रम. मग डावा काढून उजवा घाला: बास क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी, ट्रम्पेटवर फ्रेडी हबार्ड आणि पुन्हा एक बास, एक ड्रम. चार-चार जणांचे दोन संच, मुद्दाम दोन बाजूंना ठेवलेले.

नेहमीच्या जॅझमध्ये गाण्याची कॉर्डची साखळी ठरलेली असते आणि ती फिरत राहते. वादक तिच्यावर आपला सोलो रचतो. आपल्याकडे गायकाला राग आणि ताल असतो, साधारण तसंच समजा. कोलमनने ही साखळी काढून टाकली. सोलो किती लांब, तेही मोकळं सोडलं. पण बाकीचं धरून ठेवलं. आठही जणांना सोलोची पाळी मिळते: आधी फुंकवाद्यं, मग बास, शेवटी ड्रम. दोन सोलोंच्या मध्ये सगळ्यांनी मिळून वाजवायचे छोटे तुकडे आधीच ठरलेले होते. एकाचा सोलो चालू असताना बाकीच्यांनी मागून त्याला उत्तर द्यायची मुभा होती. म्हणजे एक व्हेरिएबल मोकळा आणि बाकीचे बांधलेले. असा प्रयोग आपण रोज करतो.

१८ जानेवारी १९६२ च्या ‘डाउनबीट’ मासिकात या अल्बमची दोन परीक्षणं शेजारी-शेजारी आली. पीट वेल्डिंगने पाच तारे दिले, जॉन टायनॅनने एकही नाही. आता सरासरी काढून अडीच म्हणायचं का? ते तर दोघांपैकी कुणाचंच मत नाही. टायनॅनची तक्रार काय होती ते बघा. याला सामूहिक म्हणतात, पण सामूहिक असं यात आहेच काय, असा तिचा रोख. पटो न पटो, तक्रार तपासता येण्यासारखी आहे.

तपासायचं साधन त्याच दिवशी तयार झालं होतं. मुख्य रेकॉर्डिंगच्या आधी या आठ जणांनी १७ मिनिटांचं एक वाजवलं होतं. ते ‘फर्स्ट टेक’ नावाने १९७१ मध्ये बाहेर आलं. दोन्ही लागोपाठ ऐका: आराखडा तोच, सोलो वेगळे. एकदाच ऐकलं तर काय ठरलेलं आणि काय त्या क्षणी सुचलेलं, हे वेगळं करणं फार अवघड. दुसरा रन मिळाला की ते कळायला लागतं. टायनॅनकडे १९६२ मध्ये तो नव्हता.

हे लक्षात आलं तेव्हा मी नकाराचं ते पत्र पुन्हा उघडलं. दुसऱ्या रिव्ह्यूअरने विचारलं होतं, हा रिस्पॉन्स दुसऱ्या नमुन्यावरही येतो का? येत होता. तीन नमुन्यांची रीडिंग्ज माझ्या वहीत होती. पेपरमध्ये मी फक्त सगळ्यात देखणा आलेख टाकला होता! गाइडना वही दाखवली, तर ते एवढंच म्हणाले, “मग हे पाठवलं का नाहीस?”

तिन्ही नमुन्यांचे आलेख घालून पेपर दुसऱ्या जर्नलला पाठवलाय. दीड महिना झाला, अजून ‘अंडर रिव्ह्यू’च दिसतंय.