अमार्ना पत्रे : मांडलिकांच्या अर्जांची साडेतीन हजार वर्षांपूर्वीची फाईल

इजिप्तमध्ये नाईल नदीच्या पूर्व काठावर अमार्ना नावाचे ठिकाण आहे. अखेनातेन या फेरोने इथे नवी राजधानी वसवली होती. 1887 साली तिथल्या अवशेषांत स्थानिक लोकांना मातीच्या भाजलेल्या-वाळलेल्या पाट्या सापडल्या. आज अशा सुमारे 380 पाट्या माहीत असून त्यांतील बहुतेक पत्रे आहेत. त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकाचा मध्य. आता त्या मुख्यतः बर्लिन, लंडन आणि कैरो येथील संग्रहालयांत आहेत.

काही पत्रे बॅबिलोनसारख्या बरोबरीच्या राजांची आहेत. ते फेरोला ‘बंधू’ म्हणतात आणि सोने मागतात. पण बरीचशी पत्रे आजच्या लेबनॉन, सीरिया, इस्रायल-पॅलेस्टाईन भागांतील मांडलिकांची आहेत. विशेष म्हणजे पत्रव्यवहार इजिप्तच्या भाषेत नाही, तर बॅबिलोनच्या अक्कादी भाषेत आणि कीलाकार लिपीत आहे. ही भाषा ना मांडलिकांची, ना फेरोची. त्यामुळे मांडलिकांच्या लेखनिकांनी मधूनमधून आपले कनानी शब्दही घातलेले दिसतात.

मायना ठरलेला. मांडलिक स्वतःला पायाखालची धूळ म्हणवतो, सात वेळा आणि पुन्हा सात वेळा पायांवर लोटांगण घालतो. मग मुद्दा येतो : सैन्य पाठवा, धान्य पाठवा, शेजारी बेइमान आहे. जेरुसलेमचा अब्दी-हेबा तर पत्राच्या शेवटी राजाच्या लेखनिकालाच वेगळी विनंती करतो, की माझे म्हणणे महाराजांपुढे चांगल्या शब्दांत मांडा. वाचून कोणत्याही कार्यालयातला माणूस हसेल. साहेबांच्या टेबलापर्यंत कागद कसा पोहोचतो, हे त्याला पक्के माहीत होते!

शेकेमचा लबायू याच्यावर शेजाऱ्यांनी बंडाचे आरोप केले. त्याचीही पत्रे त्याच दप्तरात आहेत, आणि त्यांत तो स्वतःला एकनिष्ठ सेवक म्हणवतो. म्हणून एकाच पत्रावरून निवाडा करता येत नाही. दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात.

सर्वांत जास्त पत्रे बिब्लोसच्या रिब-हद्दाची, साठाच्या आसपास. अमुरूचे अब्दी-अशिर्ता आणि त्याचा मुलगा अझिरू आपली गावे गिळत आहेत, धान्यासाठी लोकांनी मुलेबाळे आणि घरांची लाकडे विकली, असे तो पुन्हा पुन्हा कळवतो. एवढी पत्रे तूच का लिहितोस, असा प्रश्न दरबारातून आल्याचे त्याच्याच पत्रांतून कळते. जो रोज तक्रार करतो, त्याचे पत्र हळूहळू कोणी नीट वाचत नाही. बँकेत मुख्य कार्यालयाशी ज्यांचा संबंध आला, त्यांना हे सांगायला नको.

पुढे काय झाले? म्हाताऱ्या, आजारी रिब-हद्दाला त्याच्या भावानेच बिब्लोसबाहेर काढले आणि त्याला बैरूतच्या राजाकडे आसरा घ्यावा लागला. अझिरूही नंतर हित्ती सम्राटाचा मांडलिक झाला आणि अमुरू इजिप्तच्या हातून गेले.

म्हणजे रिब-हद्दा स्वतःची बाजू रंगवून सांगत असेलही, पण अमुरूबद्दलचा त्याचा इशारा खरा निघाला. लिहिणारा कटकट्या आहे म्हणून मजकूर खोटा ठरत नाही. फाईल नीट राहिली, पाट्या आजही वाचता येतात. वेळेवर कारवाई मात्र झाली नाही.