गंजलेला पाटा कसा सोडवावा

अँबॅसडर मोटार आपण पाहिली असेल. २०१४ साली ती निघायची बंद झाली, पण जुन्या गाड्या अजून दिसतात. तिच्या मागच्या आसावर पोलादी पाटे असतात. खड्ड्यातले हिसके ते सोसतात. पाटा तुटला की बदलावा लागतो. काम तसं सोपं, पण बोल्ट हलत नाही!

असे का होते? पाणी-चिखलाने लोखंड गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. मग बोल्ट पाचर मारल्यासारखा अडकतो.

आधी जिवाची गोष्ट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरू नये. जॅक घसरतो. पुढच्या चाकांना दगड लावावेत. गाडीच्या सांगाड्याखाली लोखंडी घोड्या द्याव्यात. विटा चालतील का, असे कोणी विचारतात. नाही. विटा फुटतात.

पुष्कळ लोक लगेच घण उचलतात. आम्हांला ते पटत नाही. बोल्टाचे तोंड चेपते, आटे मोडतात. आटे तारेच्या ब्रशाने घासावेत, तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे. सकाळी नट आधी किंचित आवळावा, मग सोडवावा. गंजाची पकड सुटते. दिव्याने तापवू मात्र नये. पेट्रोलची टाकी मागेच असते!

तरी बोल्ट अडला, तर आसाखाली दुसरा जॅक लावावा. आस हळूहळू वरखाली करावा. पाट्यावरचा ताण गेला, की तोच बोल्ट पुष्कळदा हाताने निघतो.

नवा पाटा बसवताना रबरी बुशही नवे घालावेत. त्यांचे नट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पक्के आवळावेत.